टाइप-सीवर चालणारा कॉम्प्युटर बनवताय? पीडी चिपला आधी ‘नाही मिळालं तर काय’ ते सांगा

मागच्या मे महिन्यात रात्री साडेदहाला धुळ्याहून एका पोराचा फोन आला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट म्हणून छोटा डबा-कॉम्प्युटर बनवलेला, टाइप-सी चार्जरवर चालणारा, शेतातली मोटार आणि ठिबकचे व्हॉल्व्ह सांभाळायला. जळगावला माझ्याकडे दोन रविवार येऊन बसला होता, माझ्या टेबलावर डबा मस्त चालला होता. आणि कॉलेजात दाखवायच्या आदल्या रात्री मित्राचा चार्जर लावला तर पंखा अर्धा फेरा फिरायचा, एलईडी पेटायचा, विझायचा, परत पेटायचा, बस हेच चालू. पोरगं रडकुंडीला आलेलं, “भाऊ, आते काय करानं?”

म्हटलं मल्टिमीटर लाव. व्हीबसवर, म्हणजे पॉवरच्या तारेवर, ५ व्होल्ट. आम्ही तर २० मागितले होते. चार्जरवरचं बारीक अक्षर वाच म्हटलं, तर ४५ वॅटचा निघाला, २० व्होल्टला २.२५ अँप. आणि पीडी चिपमध्ये (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, चार्जरशी व्होल्ट-अँपचा सौदा करायची पद्धत) काय लिहिलेलं? २० व्होल्ट, ३ अँप, दुसरं काहीच नाही. चार्जरकडे ३ अँप नव्हते म्हणून सौदा जमला नाही, चिप गपचूप ५ व्होल्टवर थांबली, आणि मागचा सगळा बोर्ड त्या ५ व्होल्टवर उठायला बघत होता, उठता उठता पडत होता. गंमत म्हणजे त्याच्या डब्याला ३ अँप लागतही नव्हते, दीड पुरले असते. बोर्ड मी स्वतः तपासलेला होता, तरी ही गोष्ट माझ्याही नजरेतून सुटली होती, त्यामुळे आता जो कोणी नवीन माणूस या कामाला हात घालतो त्याला मी पहिलं हेच सांगतो. काय हवंय ते चिपला सांगायला पाच मिनिटं लागतात. ते नाही मिळालं तर काय करायचं, हे सांगण्यात खरं काम आहे. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहितोय, अगदी पहिल्यांदा करणाऱ्यासाठी.

आधी पीडी म्हणजे नक्की काय चालतं ते

जुन्या बैलबाजारात सौदा कसा व्हायचा माहितीये ना, दोघं जण उपरण्याखाली हात घालून बोटं धरायचे, भाव बोटांवर ठरायचा, आजूबाजूच्या लोकांना दिसायचा फक्त शेवटी हातात पडलेला पैसा. टाइप-सीत तेच आहे. कनेक्टरला २४ पिना, त्यातली व्हीबस म्हणजे पॉवर, ती सगळ्यांना दिसते, मल्टिमीटरला पण दिसते. सौदा होतो तो सीसी नावाच्या तारेवर, गुपचूप, सेकंदाला ३ लाख बिटच्या वेगाने.

केबल लावली की आधी चार्जर बघतो की सीसीवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर जमिनीला म्हणजे ग्राउंडला लागलाय का. लागलाय म्हणजे समोर पॉवर घेणारा कोणीतरी आहे, मग तो व्हीबसवर ५ व्होल्ट सोडतो. त्यानंतर आपली यादी पाठवतो, की बाबा माझ्याकडे ५ व्होल्ट ३ अँप आहे, ९ व्होल्ट ३ अँप आहे, १५ आहे, २० आहे. यादीतल्या एकेका ओळीला पीडीओ म्हणतात. आपली चिप त्यातली एक ओळ उचलून मागणी करते, चार्जर मान्य म्हणतो, व्होल्टेज वर चढवतो आणि ‘पॉवर तयार’ असा निरोप देतो. झालं. यातलं काहीही फसलं तर ५ व्होल्ट, हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढची अर्धी डिझाइन याच ५ व्होल्टला सांभाळण्यात जाणार आहे.

वॅटचा हिशोब कागदावर

चिप विकत घ्यायच्या आधी हे करा. बोर्डाला टेबलवरच्या पॉवर सप्लायने चालवा, एसएसडी लावलेली, यूएसबीला जे लागणार ते लावलेलं, प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून, आणि सर्वात जास्त वॅट किती जातात ते लिहून ठेवा. नुसता डेस्कटॉप उघडून बघितलेला आकडा काही कामाचा नाही. त्या पोराच्या डब्याचा आकडा आला २६ वॅट. आपण ३० धरू.

आता ३० वॅट कुठल्या व्होल्टेजला मागायचे? इथे नवीन माणूस हमखास १२ व्होल्ट म्हणतो, कारण बोर्ड १२ वर चालतो आणि आपल्याकडे बॅटरी, सोलर, राउटर सगळं १२ चंच. पण पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत ५, ९, १५ आणि २०. १२ व्होल्ट काही चार्जर देतात, बरेच देत नाहीत, त्याच्यावर डिझाइन उभी करू नका.

नियम साधारण असा आहे, चार्जर २७ वॅटच्या वरचा असेल तर त्याला १५ व्होल्ट द्यावेच लागतात, ४५ च्या वरचा असेल तर २० पण द्यावे लागतात. ४५ किंवा त्याच्या आतला चार्जर २० देईलही, नाहीही देणार, कंपनीची मर्जी. म्हणून ३० वॅटसाठी माझी मांडणी अशी, पहिली पसंती २० व्होल्ट १.५ अँप, दुसरी पसंती १५ व्होल्ट २ अँप, दोन्ही गुणा करून बघा, ३० च येतात. आणि दोन्ही नसतील तर ५ व्होल्टवर बंद राहायचं, नुसता लाल दिवा दाखवायचा. याने काय झालं, तर ३० वॅटपासून वरचा कुठलाही नियमाने चालणारा चार्जर तुम्हाला चालला. आधी जे ३ अँप मागत होतो त्याने बाजारातले बरेच चार्जर आपणच दाराबाहेर ठेवले होते.

बोर्डवरचे व्होल्टेज खाली आणणारे कन्व्हर्टर मात्र २० व्होल्ट सहन करणारे पाहिजेत, २४ किंवा त्याच्या वरचं रेटिंग बघा.

२० पहिलं का, तर करंट कमी जातो. आपल्या खान्देशात हे फार महत्त्वाचं आहे. मे महिन्यात बाहेर ४४-४५ डिग्री, पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला ठोकलेला बंद डबा, त्याच्या आत काय असेल ते तुम्हीच विचार करा. व्हीबस आणि बोर्डाच्या मधे एक इलेक्ट्रॉनिक स्विच लागतो, तो पुढे येईलच, त्याचे दोन मॉसफेट (स्विचसारखे वापरायचे ट्रान्झिस्टर) प्रत्येकी ३० मिलिओहमचे धरले तर एकूण ६० मिलिओहम. १.५ अँपला त्यांच्यात जळतात ०.१३५ वॅट, २ अँपला ०.२४, आणि ३ अँपला सरळ ०.५४. करंट दुप्पट झाला की ताप चौपट. पुण्यात एसी लॅबमध्ये हे लक्षातही येणार नाही, भुसावळला उन्हाळ्यात बोट लावून बघा.

अजून एक, ३ अँपच्या वर जायचं तर केबलमध्ये ई-मार्कर (केबल किती करंट झेपते ते सांगणारी) चिप असलेली ५ अँपची केबल लागते. पीडीच्या ३.१ आवृत्तीत, जी २०२१ ला आली, २४० वॅटपर्यंत सोय झाली, ४८ व्होल्टपर्यंत. आपल्या डब्याला त्यातलं काही नको. ३ अँपच्या आत राहा म्हणजे कुठलीही धड सी-टू-सी केबल चालते.

चिप कुठली घ्यायची

ढोबळ तीन प्रकार आहेत. एकदम साधी म्हणजे सीएच२२४के सारखी, एका पिनेवर रेझिस्टर लावला की व्होल्टेज ठरलं. ६.८ किलोओहम लावला की ९ व्होल्ट, २४ लावला की १२, ५६ लावला की १५, काहीच नाही लावलं तर २०. स्वस्त आहे, सोल्डरिंग आयर्नला, दिव्याच्या पट्टीला मस्त. पण अँप सांगता येत नाहीत आणि दुसरी पसंती लिहिता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरला मी वापरत नाही.

दुसऱ्या टोकाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीएस६५९८७ सारख्या मोठ्या चिपा, लॅपटॉपात असतात तशा. पॉवर घेतात पण आणि देतात पण, डिस्प्ले त्याच पोर्टमधून काढतात, त्यांची सेटिंग एका सॉफ्टवेअरमधून तयार करून फ्लॅशमध्ये टाकायची असते. पहिल्या बोर्डावर त्यांच्या नादी लागू नका. शेवटी थोडं बोलतो त्यांच्याबद्दल.

मधली, आणि शिकायला माझ्या मते सगळ्यात चांगली, एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीची एसटीयूएसबी४५००. फक्त पॉवर घेते, आत स्वतःची कायमची मेमरी आहे ज्याला एनव्हीएम म्हणतात, तीन पसंती लिहिता येतात, आणि एकदा लिहिलं की मायक्रोकंट्रोलर नसला तरी स्वतः सौदा करते. पुढचं सगळं हिच्यावर सांगतो, पण डोकं तेच ठेवून दुसरी चिपही जमेल.

बोर्डवर घालताना

पहिली गोष्ट, कनेक्टरवर सीसीच्या दोन पिना असतात, सीसी१ आणि सीसी२, त्या वेगवेगळ्या ठेवा, एकत्र जोडू नका. कनेक्टर दोन्ही बाजूंनी घालता येतो तो या दोन पिनांमुळेच. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांवर दोन्ही सीसी एकाच रेझिस्टरला जोडलेले होते, तर ई-मार्कर असलेली चांगली केबल लावली की चार्जरला वाटायचं समोर हेडफोनचा अडॅप्टर आहे आणि तो पॉवरच द्यायचा नाही. स्वस्त केबलवर चालायचं, महागड्या केबलवर नाही! पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केलं त्यांनी. एवढ्या मोठ्या लोकांच्या हातून होतं तर आपण दोनदा तपासायला काय हरकत आहे.

दुसरी, ५.१ किलोओहम चिपच्या आतच आहे. नेटवरचं कुठलं तरी साधं सर्किट बघून बाहेरून परत ५.१ लावतात पोरं, मग दोन्ही समांतर होऊन अडीच किलोओहम होतात आणि पुढे काहीही वेडंवाकडं वागतं.

तिसरी, आणि ही जरा सावकाश वाचा. चिपला सीसी१डीबी आणि सीसी२डीबी अशा दोन जादा पिना आहेत, त्या आपापल्या सीसीला जोडायच्या. का? कॉम्प्युटर बंद आहे, चिपला पॉवर नाही. चिपला पॉवर नाही तर ती आतला रेझिस्टर दाखवणार कशी? रेझिस्टर दिसला नाही तर चार्जर व्हीबस सोडणार नाही. व्हीबस नाही तर चिपला पॉवर नाही. कोंबडी आधी का अंडं आधी. या दोन पिना जोडल्या की मेलेल्या चिपचाही रेझिस्टर चार्जरला दिसतो. यांना रिकामं सोडलं तर टेबलवर दुसरीकडून पॉवर देऊन तपासताना सगळं छान चालेल आणि एकट्या चार्जरवर डबा कधीच उठणार नाही.

बाकी चिपची व्हीडीडी पिन थेट व्हीबसला म्हणजे स्विचच्या अलीकडे, व्हीसिस (दुसरीकडून पॉवर घ्यायची पिन) वापरणार नसाल तर जमिनीला, आतल्या दोन्ही रेग्युलेटरच्या पिनांना १-१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, रिसेट पिन जमिनीला, पोटाखालचा पॅड पण जमिनीला. डेटाशीट उघडून ठेवा नि एकेक पिनेवर बोट ठेवून जा.

व्हीबसवर स्विचच्या अलीकडे १० मायक्रोफॅरडच्या वर कपॅसिटर ठेवू नका, नियमच तसा आहे. कन्व्हर्टरचे मोठे कपॅसिटर सगळे स्विचच्या पलीकडे.

आता स्विच. दोन पी-चॅनेल मॉसफेट पाठीला पाठ लावून, चिपची एक पिन त्यांचं गेट खाली ओढते. मॉसफेट किमान ३० व्होल्टचा घ्या. पण इथे एक खड्डा आहे, बऱ्याच मॉसफेटचं गेट २० व्होल्टपर्यंतच सहन करतं, आणि आपली व्हीबस २० ची आहे, म्हणजे अगदी काठावर. म्हणून गेटला दोन रेझिस्टरचा भागाकार करा, निम्मं व्होल्टेज पडेल असा. २० ला गेटवर १० पडतील, १५ ला ७.५, दोन्हीत मॉसफेट पूर्ण उघडतो. ५ व्होल्टला अडीचच पडतात, पण ५ ला आपल्याला स्विच उघडायचाच नाहीये, म्हणजे ते आपल्या फायद्याचंच झालं.

स्विचच्या अलीकडे एक छोटा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर ठेवा, त्यालाही २४ किंवा वरचं इनपुट रेटिंग. त्याच्यावर दोन दिवे. लाल दिवा चिपच्या अटॅच पिनेवर, हिरवा पॉवर-ओकेच्या पिनांवर. या पिना ओपन ड्रेन असतात, म्हणजे काम झालं की खाली ओढतात, त्या हिशोबाने एलईडी जोडायचा. नुसता लाल पेटला म्हणजे चार्जर लागलाय पण कमी पडतोय. दहा रुपयांच्या या दोन दिव्यांनी त्या रात्री आमचा तासभर वाचवला असता.

पीडीओचा आकडा हाताने काढा, एकदा तरी

लायब्ररी वापरलीत तरी हे एकदा वहीत करा, मग पुढे कधी अडत नाही. फिक्स्ड पीडीओ म्हणजे ३२ बिटचा एक आकडा. सगळ्यात वरचे दोन बिट शून्य म्हणजे फिक्स्ड. खालच्या १० बिटांत करंट, १० मिलिअँपच्या हिशोबाने. त्याच्या वरच्या १० बिटांत व्होल्टेज, ५० मिलिव्होल्टच्या हिशोबाने.

२० व्होल्ट म्हणजे ५० मिलिव्होल्टचे ४०० तुकडे. १.५ अँप म्हणजे १० मिलिअँपचे १५० तुकडे. व्होल्टेज १० बिट वर सरकवायचं म्हणजे १०२४ ने गुणायचं. ४०० गुणिले १०२४ झाले ४०९६००, त्यात १५० मिळवले, ४०९७५०. हा आपला पीडीओ. १५ व्होल्ट २ अँपचा तसाच, ३०० गुणिले १०२४ अधिक २००, म्हणजे ३०७४००. झालं, यात काही रॉकेट नाही. पहिल्या ५ व्होल्टच्या पीडीओत मात्र वरच्या बाजूला थोडे जादा बिट असतात, ‘मला जास्त व्होल्टेज हवंय’, ‘मी यूएसबी डेटा बोलतो’ वगैरे सांगणारे, म्हणून त्याला पूर्ण नव्याने लिहू नका, आहे तो वाचा आणि हवं तेवढंच बदला.

४०९७५० हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या आकड्यांत) लिहिलं तर ००-०६-४०-९६ असं येतं. आणि चिपमध्ये लिहिताना खालचा बाइट आधी जातो, म्हणजे ९६, ४०, ०६, ०० या क्रमाने. उलटं लिहिलं तर वरचे दोन बिट बदलतात आणि तो फिक्स्ड पीडीओ राहतच नाही. हे मी तीन वेगवेगळ्या पोरांच्या वहीत बघितलंय.

आधी कच्चं लिहा, मग पक्कं

चिपमध्ये दोन जागा आहेत. एक रजिस्टर, पॉवर गेली की पुसतात. दुसरी एनव्हीएम, कायमची. प्रयोग नेहमी रजिस्टरमध्ये करायचे. एनव्हीएम म्हणजे दगडावरची रेघ नाही, परत लिहिता येते, पण खोडरबरसारखी पण वापरायची नाही.

आर्डुइनो नाहीतर ईएसपी३२ घ्या, ३.३ व्होल्टची आयटूसी (दोन तारांवर चिपशी बोलायची पद्धत), दोन्ही तारांना ४.७ किलोओहमचे पुलअप, म्हणजे तार ३.३ कडे ओढून ठेवणारे रेझिस्टर. पॉवर चार्जरची, आणि स्विचच्या पुढचा कॉम्प्युटर काढून ठेवा, त्याच्या जागी काहीच नको. आयटूसी स्कॅन करा, चिप हेक्स २८ वर दिसली पाहिजे, अॅड्रेसच्या दोन्ही पिना जमिनीला असतील तर. नाही दिसली तर पुढे जाऊ नका, सोल्डर बघा. ही चिप पाय नसलेली क्यूएफएन आहे, भिंगाखाली कडेची चमक बघावी लागते.

दिसली की आधी आहे ते वाचून घ्या. कारखान्यातून येताना हिच्यात ५ व्होल्ट १.५ अँप, १५ व्होल्ट १.५ अँप आणि २० व्होल्ट १ अँप असं लिहिलेलं असतं, तिसऱ्याला पहिला मान. म्हणजे तिसरा पीडीओ जुळला तर तो, नाही तर दुसरा, नाही तर ५ व्होल्ट. क्रम उलटा आहे हे ध्यानात ठेवा, आपली पहिली पसंती तिसऱ्या जागी जाते.

किती पीडीओ वापरायचे ते हेक्स ७० या पत्त्याच्या रजिस्टरवर, तिथे ३. तिसरा पीडीओ हेक्स ८डी पासून ९० पर्यंत चार बाइट, तिथे ते ९६, ४०, ०६, ०० टाका. दुसरा ८९ पासून. आता चार्जरला सांगायचं की परत यादी पाठव, त्यासाठी सॉफ्ट रिसेट, हेक्स ५१ वर ०डी आणि मग हेक्स १ए वर २६. मल्टिमीटरची एक पिन व्हीबसवर आणि दुसरी जमिनीवर धरून हे करा. त्या पोरासारखा बोर्ड ५ वर अडकलेला असेल तर एंटर दाबलं की ५ चा आकडा झपकन २० वर चढतो, नव्या चिपवर कारखान्यातल्या सेटिंगमुळे २० आधीच दिसू शकतात. पहिल्यांदा बघताना खरंच छान वाटतं, त्या पोराने तर तीनदा करून बघितलं होतं.

खरंच काय ठरलं ते हेक्स ९१ पासून पुढच्या चार बाइटांत वाचता येतं. यात तीन बिटांत एक नंबर येतो, कुठला पीडीओ उचलला त्याचा. इथे घोटाळा होतो, तो नंबर आपल्या यादीतला नसून चार्जरच्या यादीतला असतो. चार्जर ५, ९, १५, २० देत असेल तर २० चा नंबर ४ येणार. मधे १२ पण देत असेल तर ५. ‘मी तर तीनच लिहिले, हा ४ कुठून आला’ असं म्हणून कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

मनासारखं झालं की मग एनव्हीएम. आत ५ सेक्टर आहेत, प्रत्येकी ८ बाइट, एकूण ४०. काहीही लिहायच्या आधी हे ४० बाइट वाचून फाइलमध्ये ठेवा, वहीत पण लिहा. लिहायला कुलूप आहे, हेक्स ९५ वर ४७ टाकलं की उघडतं, मग सेक्टर पुसायचे, भरायचे, परत कुलूप लावायचं. ही पूर्ण रांग हाताने करण्यापेक्षा तयार लायब्ररी वापरा, अर्धवट लिहून मधेच पॉवर गेली तर डोक्याला ताप, आणि आपल्याकडे लाइटचं काही सांगता येत नाही, त्यामुळे हे काम मी लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि चार्जरला इन्व्हर्टरवर लावूनच करतो.

एनव्हीएममध्ये करंट सहसा ठरलेल्या पायऱ्यांतूनच निवडायचा, अर्ध्या अँपपासून ३ पर्यंत पाव पाव अँपच्या पायरीने, पुढे अर्ध्या अर्ध्याने. आपले १.५ आणि २ बरोबर बसतात. व्होल्टेज किती वरखाली चालेल ते पण असतं, ५ ते २० टक्के. फार घट्ट ठेवलं तर लांब केबलवर लोड आला की चिप स्वतःच स्विच पाडते, मी खालच्या बाजूला १५ ठेवतो.

आणि ज्या एका बिटासाठी एवढं सगळं लिहिलं तो हाच, ‘फक्त ५ व्होल्टच्या वर असेल तरच पॉवर दे’. लायब्ररीत याच अर्थाच्या नावाने सापडेल. तो १ करा. आता दुसरा किंवा तिसरा पीडीओ ठरल्याशिवाय स्विच उघडतच नाही. कमी चार्जर लागला तर डबा शांत बसतो, लाल दिवा दाखवतो, उठबस करत नाही. हा बिट एनव्हीएममधून येतो, कच्च्या प्रयोगात लागू होत नाही, म्हणून तर वर म्हटलं की तोपर्यंत कॉम्प्युटर काढून ठेवा.

लिहून झालं की केबल काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा, ४० बाइट परत वाचून जुळवा.

आता छळायचा त्याला

घरातले, शेजारचे, मेव्हण्याचे, मिळतील तेवढे चार्जर गोळा करा. जळगावात असाल तर गोलाणी मार्केटला चक्कर मारून एखादा ३० वॅटचा आणि एखादा ६५ चा घेऊन ठेवा, कायम लागतो.

फोनचा २० वॅटचा लावा, त्यात सहसा ९ व्होल्टपर्यंतच असतं, लाल दिवा आला पाहिजे आणि बाकी सगळं बंद. जुन्या चौकोनी यूएसबीची ए-टू-सी केबल लावा, त्यात पीडीची तारच नसते, तिथेही लालच. ३० चा लावा, १५ किंवा २०, काहीही येऊ दे, डबा उठला पाहिजे. ४५ चा, ६५ चा. बऱ्याच फोनसोबत येणारे चार्जर कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात, खोक्यावर मोठे वॅट छापलेले पण पीडीत कमी देतात नाहीतर काहीच देत नाहीत, तिथे लाल दिवा आला तर तुमची चूक नाही.

प्रत्येक वेळी कनेक्टर उलटा करून परत लावायचा, हे विसरू नका. सीसी२ चं सोल्डर कच्चं असेल तर एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने मेल्यासारखं पडतं.

मग दोन पोर्टवाला चार्जर. ६५ वाल्यात तुमचा डबा चालू असताना दुसऱ्या पोर्टला फोन लावा. चार्जर वॅट वाटून घेतो, कधी ४५ आणि २० असे, आणि आपल्याला नवीन यादी पाठवतो, काही चार्जर तर पॉवर पूर्ण तोडून परत सुरू करतात. तोडली तर कॉम्प्युटर बंद पडणारच, त्याला चिप काही करू शकत नाही, बॅटरी नसेल तर वेगळा चार्जर ठेवा. न तोडता नवीन यादी दिली तर ४५ मध्ये आपले ३० बसतात, चालू राहायला पाहिजे. ३ अँप मागणारा जुना बोर्ड नेमका इथे मेला असता.

शेवटी ताप. पूर्ण लोड टाकून, झाकण बंद करून, दुपारी एक ते चार डबा गच्चीवरच्या खोलीत ठेवा. मॉसफेटवर थर्मोकपल (ताप मोजायची तार) चिकटवा. १५ व्होल्टवालाच चार्जर लावून करा, कारण त्यात करंट जास्त म्हणजे ताप जास्त.

मोठ्या चिपकडे जाताना

लॅपटॉपसारखा बोर्ड करायचा असेल, बॅटरीसकट, तर टीपीएस वगैरे घ्याव्या लागतील. तिथे सेटिंग बाहेरच्या फ्लॅशमध्ये असते किंवा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे बोर्डवरची छोटी मदतनीस चिप, आयटूसीवरून भरते. बोर्ड उठला नाही तर आधी मोडचं रजिस्टर, हेक्स ०३, ते वाचा. त्यात चार अक्षरं येतात, एपीपी (आणि चौथी रिकामी जागा) आलं म्हणजे सेटिंग वाचून कामाला लागली, बूट किंवा पॅच अशी अक्षरं असतील तर ती अजून सेटिंगची वाट बघत बसलीये, मग पीडीओत चूक शोधण्यात अर्थ नाही, फ्लॅश बघा. एफयूएसबी३०२ सारखीत तर डोकंच नसतं, सगळा सौदा लिनक्सचा ड्रायव्हर करतो आणि पीडीओ डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय काय आहे ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहायचे असतात. म्हणजे लिनक्स उठेपर्यंत सौदा नाही, आणि सौदा होईपर्यंत फक्त ५ व्होल्ट. बॅटरी नसलेल्या डब्यात ती लावायच्या आधी लिनक्स ५ व्होल्टवर उठतो का ते बघा.

त्या पोराचा बोर्ड आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे फोनवरच सुधारला, त्याच्याकडे आर्डुइनो होतंच, फक्त तिसरा पीडीओ १.५ अँपचा केला, दुसरा १५ व्होल्टचा, आणि तो ५ व्होल्टवाला बिट. साडेअकराला कॉलेजात त्याच ४५ वॅटच्या चार्जरवर डबा चालला. आता तो डबा शिरपूरकडे त्याच्या काकांच्या शेतात मोटारीच्या खोलीत आहे, आणि झाकणावर पेनाने लिहून वरून टेप मारलीये, ‘३० वॅट पीडी किंवा त्याच्या वरचा चार्जर, सी-टू-सी केबल, लाल दिवा = चार्जर बदला’. तुम्ही पण झाकणावर लिहा, सहा महिन्यांनी तिथे चार्जर लावणारा माणूस तुम्ही नसणार.